दहाचा फोन आणि लोखंडी पेटी

पेण ते रोहा रस्त्याच्या कडेला टेलिफोनचे जेवढे खांब उभे होते, त्यांतल्या निम्म्यांवर तरी मी चढलेलो आहे. ही बढाई नाही. बढाई मारायची असती तर सगळ्या खांबांवर म्हणालो असतो. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागलो आणि लाइनमन म्हणूनच निवृत्त झालो. मध्ये एकदा वरची जागा देत होते, ती मी घेतली नाही, कारण वरच्या जागेवर बसलेल्या माणसाला खुर्ची सोडून कुठेच चढू देत नाहीत. तार कुठे तुटली असेल ते मला घरबसल्या पावसाच्या आवाजावरून कळायचं, असं माझी बायको लोकांना सांगते. ते खोटं आहे. पण मी ते कधी खोडलेलं नाही.

असा मी, पेणच्या रामवाडीत स्वतःच्या घरात राहणारा, साठी उलटून बरीच वर्षं झालेला माणूस, गेल्या वर्षी वाय-फायच्या नादाला लागलो. हौस म्हणून नव्हे. ज्याला तार नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही थोडंफार आहे. मी हे सगळं केलं ते माझ्या बहिणीसाठी.

बहीण रोह्याला असते. मी तिला आक्का म्हणतो. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मेहुणे तिथल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होते, ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. घर उतारावर, पाठीमागे टेकडी, दोन खोल्या आणि जाड भिंती. शेजारी एक बाई खानावळ चालवते, कंपन्यांतले लोक तिच्याकडे जेवतात. आक्काला ती मावशी म्हणते, म्हणून मला मामा म्हणते. तिच्या हाताला चव आहे आणि तोंडाला कुलूप नाही.

आक्का आणि मी वाढलो धरमतरच्या खाडीकाठी. बापाचं अर्धं पोट मिठागरावर चालायचं आणि अर्धं खारजमिनीतल्या भातावर. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या बाजूने चिखलमातीचा लांबच लांब बांध असतो. त्या बांधाला उधाणात भगदाड पडलं की त्याला खांड पडली म्हणायचं. खांड पडली की गावात कोणी कोणाला विनंती करत नाही. घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर हजर झालाच पाहिजे, मग त्याचं शेत तिथे असो वा नसो. आणि दुसरा नियम असा, की ज्याला खांड पहिल्यांदा दिसेल त्याने जागच्या जागी ओरडायचं. लपवायची नाही. एकाने लपवली तर सगळ्यांचं भात खारं होतं.

मी आठ वर्षांचा असताना ती लपवली होती. खेकडे धरायच्या नादात मी बांधातलं एक बीळ काठीने कोरून कोरून मोठं केलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यातून पाण्याची बारीक धार लागलेली. मी मुकाट्याने घरी आलो आणि भाकरी खात बसलो. त्याच दुपारी भरतीला तिथेच खांड पडली. बाप तापाने अंथरुणावर होता, म्हणून आमच्या घरातून आक्का गेली. पंधरा वर्षांची पोर, कमरेएवढ्या चिखलात उभी राहून मोठ्या बाप्यांच्या बरोबरीने घमेली देत होती. मी मागे मागे गेलो. खांड बुजल्यावर ती माझ्याकडे आली, माझ्या तोंडाकडे नुसतं बघितलं आणि तिला सगळं कळलं. तिने ते कोणालाही सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. फक्त माझा कान धरून म्हणाली, "खांड दिसली की वरडायचं. कुनामुळं पडली ते नंतर."

पुढे ती लग्न होऊन रोह्याला गेली आणि मी खात्यात लागलो. तेव्हा फोन मिळायला वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. आक्काचा नंबर लागला तेव्हा तिच्या दाराशी तार मी स्वतः ओढली. तिच्या गल्लीतला तो पहिला फोन. खात्यात आमचा एक रिवाज होता. नवी लाइन जोडली की काही दिवस रोज सकाळी फोन लावून विचारायचं, आवाज नीट येतो का. मी आक्काला दहा वाजता फोन लावायचो. "लाइन ठीक हाय का?" ती म्हणायची, "ठीक हाय." मग पाच मिनिटं घरचं बोलणं. नवी लाइन जुनी झाली, तरी दहाचा फोन काही बंद पडला नाही. मी निवृत्त झालो, त्या तारा खात्याने गुंडाळून नेल्या, हातात मोबाइल आले, पण दहा वाजले की मी आक्काला फोन लावणार आणि लाइन ठीक आहे का विचारणार, हे ठरलेलं. आमचं लग्न मोडेल पण दहाचा फोन चुकणार नाही, असं बायको म्हणते. तिला त्यात गंमत वाटते की राग येतो, हे मी कधी विचारलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

जिना चढताना माझ्या छातीत जड व्हायला लागलं होतं. डॉक्टरने तपासलं आणि पनवेलला जाऊन हृदयाची आतून तपासणी करून घ्या म्हणाला. हातातून नळी घालून बघतात म्हणे. त्याने दिलेला कागद मी खणात वर्तमानपत्राच्या खाली ठेवला आणि घरी सांगितलं, पित्त आहे. वादळी वाऱ्यात खांबावर चढलेला माणूस मी, एका नळीला घाबरतो, हे कोणाला सांगणार? चार दिवस मी ते पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी दहाच्या फोनवर आक्काला सांगितलं. बायको भाजीला गेली होती. मी अगदी स्पष्ट सांगितलं, डॉक्टर काय म्हणाला ते, आणि शेवटी म्हणालो, "आक्का, मला भीती वाटते."

आक्का म्हणाली, "ठीक हाय. सगलं ठीक हाय. ठेव आता."

आणि तिने फोन ठेवला.

मला इतका राग आला की मी तो मोबाइल गादीवर फेकला. जमिनीवर फेकला नाही, कारण राग असला तरी अक्कल शिल्लक होती. जन्मात पहिल्यांदा मी कोणाला तरी भीती वाटते म्हणालो, आणि समोरून काय आलं, तर ठीक हाय. मनात म्हटलं, म्हातारी दगड झाली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी फोन लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस मी दहा वाजले की मुद्दाम परसात जाऊन झाडांना पाणी घालायचो. पावसाळ्यात.

नवव्या दिवशी खानावळवाल्या बाईचा फोन आला. तुम्ही आजारी आहात का, असं तिने आधी विचारलं. मग म्हणाली, मावशी रोज दहाच्या आधी अंघोळ करून, मोबाइल मांडीवर ठेवून बसतात. अकरा वाजेपर्यंत हलत नाहीत. तुमचा फोन का येत नाही? मी फणकाऱ्याने म्हणालो, माझं बोलणं ऐकायची तिची इच्छा दिसत नाही.

बाईने तिकडे कोणाला तरी गॅस बंद करायला सांगितलं.  मग म्हणाली, "मामा, मावशीना ऐकूच येत नाय. वरीस होऊन गेला. तुमाला म्हाईत नाय?"

मला माहीत नव्हतं. गणपतीत, भाऊबीजेला मी तिच्याकडे जायचो, तर सगळं नीट बोलायची. कारण ती माणसाच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची. फोनवर ओठ कुठले? मोबाइल मांडीवर थरथरला की ती उचलायची, कानाला लावायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच मिनिटं मोजायची, मधूनमधून "व्हय" म्हणायची आणि पाच मिनिटं झाली की "ठीक हाय, ठेव". कानाचं यंत्र आणलं होतं, त्यातून नुसती शिटी वाजायची. डॉक्टरने सांगितलं होतं की आता यंत्राच्या पलीकडे गेलं. आणि बाईला तिने शपथ घातली होती, भावाला सांगू नको, नाहीतर तो फोन करायचं सोडून देईल.

आणि मी तेच केलं होतं. आठ दिवस.

मी खूप वेळ ओट्यावर बसून राहिलो. लाज वाटली. नुसतं वाईट वाटलं असं नाही, लाज वाटली. वर्षभर मी रोज एका बहिऱ्या लाइनवर बोलत होतो आणि मला, लाइनमनला, कळलं नव्हतं. पलीकडची लाइन मेली तर पहिल्या हॅलोला सांगणारा माणूस मी. तिथेच ठरवलं, दहाचा फोन पुन्हा सुरू करायचा आणि असा करायचा की तिला माझे ओठ दिसतील.

व्हिडिओ कॉलसाठी तिच्याकडे इंटरनेट हवं. आक्काच्या घरात मोबाइलची रेंज खिडकीपाशी बोलण्यापुरती यायची, पण चित्र म्हटलं की जागीच गोठायचं. म्हणून वाय-फाय. मी दोन दिवस माहिती काढली आणि बायकोला समजावून सांगितलं. त्यात समजण्यासारखं फारसं नव्हतं. बाहेरच्या खांबावरून काचेची केसासारखी बारीक तार घरात येते, तिथे एक डबी बसवतात, तिला राउटर म्हणतात. तार त्या डबीपर्यंत. पुढे सगळा कारभार हवेतून. तारेपर्यंत मला पटलं. पुढचं मी नाइलाजाने मान्य केलं.

रोह्याची गाडी पकडून गेलो. सोबत हत्यारांची पिशवी आणि आक्कासाठी मोठ्या पडद्याचा नवा मोबाइल. कंपनीचा फिटर आला, चाळिशीचा शांत माणूस. त्याने तार आणली, राउटर खिडकीजवळच्या फळीवर ठेवला आणि झालं म्हणाला. मी म्हटलं, हे असंच उघड्यावर? तो म्हणाला, असंच ठेवतात. त्याला मी चहा पाजून वाटेला लावला आणि कामाला लागलो.

कारण रोह्याची हवा मला माहीत आहे. पावसाळ्यात तिथे भिंतीला हात लावला तर ओला होतो. उघड्यावर ठेवलेल्या जोडणीत पाली अंडी घालतात, मुंग्या वारूळ करतात, तांब्यावर हिरवा थर चढतो. माझ्या सगळ्या नोकरीत जे लोखंडी पेटीत बंद होतं तेच टिकलं. तशी एक पेटी माझ्याकडे होती, जाड पत्र्याची, राखाडी रंगाची, कुलपाच्या कोयंड्यासकट. ती मी पेणहून पोत्यात गुंडाळून आणली होती. रेल्वेत एक जण विचारत होता, काका, देवघर का? मी पोतं आणखी घट्ट बांधलं.

पेटी भिंतीत चार खिळ्यांवर पक्की केली. राउटर आत बसवला. हवा खेळावी म्हणून बुडाला पेन्सिलीएवढी चार भोकं पाडली. पासवर्ड ठेवला आक्काचा जुना टेलिफोन नंबर, कारण तो तिला झोपेतही पाठ आहे. मग पेटीचं दार उघडं असतानाच मोबाइल जोडून पेणला बायकोला व्हिडिओ कॉल लावला. बायको दिसली. आक्काने पडद्याला हात लावून तिच्या गालावरून फिरवला. पहिल्या फटक्यात चालू. शेजारीण बघत होती, तिला मी म्हटलं, याला म्हणतात काम.

हे सगळं करताना आक्का माझ्या पाठीशी उभी होती. ती म्हणाली, ज्या दिवसानंतर तुझा फोन यायचा थांबला, त्या दिवशी तू काय बोललास? मी स्टुलावर होतो, तोंड भिंतीकडे. मी भिंतीकडेच बघत म्हणालो, काही नाही, लाइन टेस्ट करत होतो. माझे ओठ तिला दिसणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणूनच मी वळलो नाही. मग मी पेटीचं दार लावलं, खात्याचं जुनं पितळी कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि संध्याकाळच्या गाडीने पेणला आलो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. कॉल लावला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेजारणीला फोन केला. ती म्हणाली, मावशींच्या मोबाइलवर वाय-फायची ती पंख्यासारखी खूण दिसत नाही. मग मी तक्रार केंद्राला फोन लावला आणि असा आवाज चढवला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आक्का अंघोळ करून, पदर सारखा करून मोबाइल समोर धरून बसलेली, असं बाई सांगत होती. मी म्हटलं मोबाइलच भिकार दिसतोय. मग म्हटलं कंपनी भिकार. मग म्हटलं मुळात वायरलेस हा प्रकारच भिकार, तार नाही तिथे भरवसा नाही, हे मी आधीपासून सांगत होतो. बायको म्हणाली, कोणाला सांगत होतात? नाचता येईना, अंगण वाकडं, हेही तिने हळू आवाजात म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो फिटर आक्काकडे गेला आणि तिथून त्याने मला फोन केला. अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, राउटर लोखंडाच्या पेटीत कोंडलाय. हवेतून जायची गोष्ट लोखंडातून कशी जाईल? कुलूप उघडा."

किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. पेणला.

मी त्याला सांगितलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी जोडण्या करतोय. आणखीही एक-दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहीत नाही. फोन ठेवला. ओट्यावर येऊन बसलो. समोर हायवेवरून ट्रक जात होते. रागाने छातीत पुन्हा जड झालं, म्हणून बसल्या बसल्या श्वास मोजत होतो. आणि मला आमच्या जुन्या जाड केबलची आठवण झाली. त्या केबलला आतून धातूचं कवच असायचं. ते कशासाठी, हे मीच नव्या लाइनमनना शिकवायचो. बाहेरची खरखर आत येऊ नये म्हणून. बाहेरचं आत येत नाही, तर आतलं बाहेर कसं जाणार? मी चांगली जाड पत्र्याची पेटी शोधून, पोत्यात बांधून, रेल्वेने नेऊन, त्यात वाय-फाय कुलूपबंद करून आलो होतो. दार उघडं असताना चाललं, कारण दार उघडं होतं.

हे मी स्वतः शोधून काढलं, असं मी आजही म्हणतो. फिटरने आधी सांगितलं होतं, ते खरं आहे. पण पटलं मला केबलमुळे.

घड्याळात दहाला पाच कमी होते. आक्का तिकडे बसलेली असणार. आजचाही फोन उद्यावर ढकलणं मला जमलं नसतं. मी खानावळीत फोन लावला. बाईला म्हटलं, वरवंटा घे आणि मावशीकडे जा. ती म्हणाली, कशाला? मी म्हटलं, कुलूप फोड.

खात्याचं कुलूप मी आयुष्यात कधी कोणाला फोडू दिलं नव्हतं. फोन चालू ठेवून मी वरवंट्याचे घाव ऐकले. पहिला. दुसरा. मध्ये बाई कोणाला तरी सांगत होती, मामानीच सांगितलाय. सातव्या घावाला खणकन आवाज झाला. बाई म्हणाली, कुलूप तसंच आहे, कोयंडा तुटून पडला. मला जरा बरं वाटलं. कुलूप माझं होतं, कोयंडा आधीपासून सैल होता.

मी तिचा फोन ठेवला आणि आक्काला व्हिडिओ कॉल लावला. गोल फिरलं, थांबलं, आणि आक्का दिसली.

आधी नुसतं कपाळ आणि कुंकवाच्या जागेचं जुनं गोंदण. मग बाईने मागून हात घालून मोबाइल खाली केला आणि सगळा चेहरा आला. बारीक झाली होती. पेटी बसवली त्या दिवशी तिच्या घरी दिवसभर होतो, पण स्टुलावर चढून भिंतीकडेच बघत होतो, म्हणून मला दिसलं नव्हतं. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, "लाइन ठीक हाय का?" सावकाश, ओठ मोठे करून. तिला कळलं. ती हसली. तिचा वरचा एक दात पडला होता, तेही मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, "ठीक हाय. तुझा सांग."

"ठीक हाय," मी म्हणालो. "सगळं ठीक हाय."

ती हसायची थांबली. मोबाइल तिने डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, इतका की मला तिचा एकच डोळा दिसत होता. बराच वेळ ती तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "मना ऐकू येत नाय, पन दिसता. खेकड्याच्या बिलाच्या दिशी असाच तोंड होता तुझा. काय बोललास त्या दिशी?"

इथे भिंत नव्हती. वळून तोंड लपवावं तर हातातला मोबाइलही बरोबर वळत होता. बायको चहाचा कप घेऊन दारात आली होती. मी तिला बघितलं आणि तरीही सांगितलं. डॉक्टर, पनवेल, नळी, खणातला कागद. एकेक शब्द सुटा सुटा करून. भीती हा शब्द मला दोनदा म्हणावा लागला, कारण पहिल्यांदा ओठ नीट हलले नाहीत आणि आक्काला तो कळला नाही. बायकोने चहाचा कप खाली ठेवला. ती येऊन माझ्या बाजूला बसली.

आक्का म्हणाली, "खांड दिसली आनि वरडला नाय तू?"

"वरडलो, आक्का," मी म्हणालो. "तुला ऐकू आलं नाय."

म्हणून झालं आणि मला वाटलं, हे बोलायला नको होतं. बोललेलं परत घेता येत नाही, आणि तिने तर ते ओठांवरून वाचलं होतं. आक्काचे डोळे भरून आले. तिने ते पदराने पुसले, मोबाइलची काचही पुसली, आणि परत माझ्याकडे नीट बघितलं.

"आता ऐकला," ती म्हणाली. "घरटी एक मानूस लागतो. येते मी."

मोबाइल बंद कसा करायचा ते मी तिला शिकवलंच नव्हतं. तिने तो तसाच पलंगावर ठेवला. मला पडद्यावर तिच्या घराचा पंखा दिसत होता, सावकाश फिरणारा. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग आक्का बहिऱ्या माणसासारखं मोठमोठ्याने शेजारणीला विचारत होती, पेनला जायची गाडी किती वाजता हाय? बायको उठली आणि खणातून तो कागद काढून घेऊन आली. मी पंख्याकडे बघत बसलो. फोन मी बंद केला नाही.